विश्लेषण : बायपासच्या वेळी साखर १७० चालते, मग ९० का नको?

बायपासनंतरची पहिली रात्र. अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळलेल्या मुलाला पाच मिनिटांसाठी आत सोडले जाते. वडिलांच्या खाटेजवळच्या तक्त्यावर साखरेचा आकडा लिहिलेला असतो : १६८. घरी उपाशीपोटी एवढी साखर आली असती, तर वडिलांना दिवसभर बोलणी खावी लागली असती. इथे परिचारिका मात्र निश्चिंत असते. ‘साखर छान आहे,’ असे सांगून ती पुढच्या खाटेकडे वळते. तिथल्या रुग्णाची साखर ९२ आलेली असते आणि खरी धावपळ तिथे होते. त्याचा इन्सुलिनचा पंप लगेच थांबवला जातो.

घरच्या हिशेबाच्या बरोबर उलटा वाटणारा हा हिशेब आला कुठून? हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी साखर किती असावी, यावर गेली तीन दशके जगभर चाचण्या झाल्या. आकडा आधी खूप सैल होता, मग फार घट्ट आवळला गेला आणि शेवटी मधे कुठेतरी स्थिरावला. हा प्रवास समजला, तर मधुमेही रुग्णाच्या घरच्यांची निम्मी काळजी कमी होते आणि उरलेली योग्य जागी लागते.

मधुमेहींवर बायपास करण्याची वेळ इतकी का येते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या पुढे आहे. मधुमेहात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे नुकसान एखाद्याच ठिकाणी होत नाही. बहुतेकदा दोन-तीन वाहिन्या आणि त्याही लांबवर खराब झालेल्या असतात. अशा वेळी जागोजागी स्टेंट घालण्यापेक्षा अडथळ्यांच्या पलीकडे नवी वाट जोडणे, म्हणजेच बायपास, अनेकदा अधिक टिकाऊ ठरते.

याचा भक्कम पुरावा २०१२ मध्ये आला. ‘फ्रीडम’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत एकाहून अधिक वाहिन्यांत अडथळे असलेले १,९०० मधुमेही रुग्ण होते. काहींना स्टेंट घातले, काहींची बायपास केली. मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही ना काही घडण्याचे प्रमाण पाच वर्षांत स्टेंटच्या गटात २६.६ टक्के, तर बायपासच्या गटात १८.७ टक्के निघाले. पक्षाघात तेवढा बायपासच्या गटात जास्त होता. त्यामुळे मधुमेह आणि अनेक वाहिन्यांचा आजार एकत्र असेल, तर डॉक्टर बरेचदा बायपास सुचवतात. पण ज्या रुग्णांना या शस्त्रक्रियेचा सर्वाधिक फायदा होतो, त्यांनाच तिच्यानंतर जंतुसंसर्ग आणि मूत्रपिंडाच्या तक्रारींचा धोकाही जास्त असतो. साखर सांभाळणे हा तो धोका कमी करण्याचा एक महत्त्वाचा मार्ग आहे.

रुग्ण उपाशी असतो, तरी साखर वाढते कशी?

‘पोटात काही नाही, मग साखर २२० कशी?’ हा प्रश्न अनेक नातेवाईकांना पडतो. उत्तर शरीराच्या बचावयंत्रणेत आहे. छाती उघडणे हा शरीराच्या दृष्टीने मोठा घाव असतो. भूल दिलेली असली, तरी शरीर त्याला प्रतिसाद देतेच. अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसोल यांसारखी संप्रेरके उसळतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू लागते. त्याच वेळी स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात.

त्यात उपचारांचीही भर पडते. रक्तदाब टिकवण्यासाठी दिलेली काही औषधे साखर वाढवतात. काही रुग्णांना स्टेरॉइड द्यावे लागते. हृदय थांबवून शस्त्रक्रिया करताना रक्त हृदय-फुप्फुस यंत्रातून फिरवले जाते आणि शरीराचे तापमान कमी केले जाते. यामुळेही इन्सुलिनचे काम मंदावते. हृदय थांबवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही द्रावणांत ग्लुकोज असते. भारतात धडधडत्या हृदयावर, यंत्राविना बायपास करण्याचे प्रमाण मोठे आहे. त्यात साखरेची उसळी तुलनेने कमी असली, तरी ती चुकत नाही.

म्हणूनच कधीही मधुमेह नसलेल्या रुग्णाची साखरही या काळात १८०च्या वर जाऊ शकते आणि त्यालाही काही काळ इन्सुलिन लागू शकते. याचा अर्थ त्याला कायमचा मधुमेह जडला, असा होत नाही. अर्थात, आधीपासून असलेला पण न कळलेला मधुमेह या निमित्ताने उघड होण्याची शक्यता असते. तो फरक तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या ‘एचबीए१सी’ चाचणीतून कळतो. त्यामुळे मधुमेहाचा इतिहास नसला, तरी शस्त्रक्रियेपूर्वी ही चाचणी करून घेतली जाते.

वाढलेल्या साखरेने नेमके काय बिघडते?

सर्वांत मोठी भीती छातीच्या मधल्या हाडाची, म्हणजे उरोस्थीची असते. शस्त्रक्रियेसाठी हे हाड उभे कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. ते जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. रक्तात साखर जास्त असली, की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्त होतात. त्यांना जंतूपर्यंत पोहोचणे आणि त्यांना मारणे जमेनासे होते. जखम भरण्याची क्रियाही मंदावते. वरच्या त्वचेतला संसर्ग बहुधा औषधांनी आटोक्यात येतो. पण जंतू हाडापर्यंत किंवा त्यामागच्या पोकळीत गेले, तर छाती पुन्हा उघडावी लागते, आठवडेच्या आठवडे रुग्णालयात जातात आणि जीवही धोक्यात येतो.

याचा परिणाम शल्यविशारदाच्या निर्णयांवरही होतो. बायपाससाठी छातीच्या आतल्या बाजूने जाणारी धमनी वापरतात, कारण ती पायाच्या शिरेपेक्षा जास्त वर्षे टिकते. दोन्ही बाजूंच्या धमन्या वापरल्या, तर उरोस्थीला होणारा रक्तपुरवठा घटतो आणि ती भरून न येण्याचा धोका वाढतो. त्यामुळे साखर अनियंत्रित असलेल्या, त्यातही स्थूल रुग्णाच्या बाबतीत दोन्ही धमन्या घेण्यापूर्वी शल्यविशारद दोनदा विचार करतात.

पायाची शीर काढलेली जखम हे दुसरे नाजूक ठिकाण. मधुमेहींच्या पायांचा रक्तपुरवठा आणि संवेदना दोन्ही कमी झालेल्या असू शकतात. तिथे सुरू झालेला संसर्ग दुखत नाही, म्हणून लक्षातही उशिरा येतो.

पोर्टलंडच्या रुग्णालयात काय दिसले?

१९८०च्या दशकात साखरेकडे एवढ्या काटेकोरपणे पाहिले जात नव्हते. दर काही तासांनी साखर मोजायची आणि आकडा पाहून त्वचेखाली इन्सुलिन टोचायचे, अशी पद्धत होती. म्हणजे आधी साखर चढू द्यायची आणि मग तिच्यामागे धावायचे.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात पोर्टलंड येथील शल्यविशारद अँथनी फर्नरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बदलली. त्यांनी शिरेतून सतत, थोडे थोडे इन्सुलिन द्यायला सुरुवात केली. १९८७ ते १९९७ या काळात हृदयशस्त्रक्रिया झालेल्या २,४६७ मधुमेही रुग्णांची नोंद त्यांनी १९९९ मध्ये मांडली. त्वचेखाली इन्सुलिन घेतलेल्या गटात छातीच्या खोल जखमेचा संसर्ग २ टक्के रुग्णांना झाला होता. सतत इन्सुलिन मिळालेल्या गटात हे प्रमाण ०.८ टक्क्यांवर आले. २००३ मध्ये त्यांनी बायपासच्या ३,५५४ मधुमेही रुग्णांचे आकडे दिले. मृत्यूचे प्रमाण ५.३ टक्क्यांवरून २.५ टक्के झाले होते.

या अभ्यासात एक मर्यादा होती. दोन गट वेगवेगळ्या वर्षांतले होते आणि त्या वर्षांत बाकीचे उपचारही सुधारले होते. त्यामुळे सगळे श्रेय इन्सुलिनला देता येत नाही. तरीही शिरेतून सतत इन्सुलिन देण्याची पद्धत इथून रुजली, ती आजतागायत टिकून आहे.

मग साखर अगदी नॉर्मल करण्याचा प्रयोग झाला का?

झाला आणि सुरुवातीला तो कमालीचा यशस्वी वाटला. बेल्जियममधील लुव्हेन येथे ग्रीट व्हॅन डेन बर्ग यांनी २००१ मध्ये एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेले १,५४८ रुग्ण त्यात होते. त्यांतले जवळपास दोन तृतीयांश हृदयशस्त्रक्रियेचे होते. एका गटात साखर ८० ते ११० या निरोगी माणसाच्या पट्ट्यात ठेवली, तर दुसऱ्यात ती २१५च्या वर गेल्यावरच इन्सुलिन सुरू केले. अतिदक्षता विभागातील मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. जगभरच्या रुग्णालयांनी ‘८० ते ११०’ हा आकडा उचलून धरला.

पुढच्या चाचण्यांनी मात्र उत्साहाला आवर घातला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने हृदयशस्त्रक्रिया सुरू असतानाच साखर ८० ते १०० ठेवून पाहिली. २००७ मध्ये आलेल्या या ४०० रुग्णांच्या चाचणीत गुंतागुंत कमी झाली नाही. उलट काटेकोर गटात चार मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही. पक्षाघात काटेकोर गटात आठ जणांना, तर दुसऱ्या गटात एकाला झाला. आकडे लहान असले, तरी दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते.

निर्णायक धक्का २००९ मध्ये बसला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि उत्तर अमेरिकेतील रुग्णालयांनी मिळून केलेल्या ‘नाइस-शुगर’ चाचणीत ६,१०४ गंभीर रुग्ण होते. ते फक्त हृदयाचे नव्हते, तर शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले असे सर्व प्रकारचे होते. साखर ८१ ते १०८ ठेवलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावले. १८० किंवा त्याखाली ठेवलेल्या गटात हे प्रमाण २४.९ टक्के होते. साखर ४० किंवा त्याखाली घसरण्याचे प्रकार काटेकोर गटात ६.८ टक्के, तर दुसऱ्या गटात केवळ ०.५ टक्के होते.

लुव्हेनमध्ये फायदा आणि इतरत्र तोटा, असे का व्हावे? एक कारण आहाराचे सांगितले जाते. लुव्हेनच्या रुग्णांना पहिल्या दिवसापासून शिरेतून भरपूर ग्लुकोज दिले जात होते. त्यामुळे तिथे जास्त इन्सुलिनचा उपयोग झाला असावा. दुसरे म्हणजे, सैल गटात साखर फारच वर जाऊ दिली होती. म्हणजे तुलना ‘खूप जास्त’ आणि ‘नॉर्मल’ यांत होती. मधल्या पट्ट्याची परीक्षा तिथे झालीच नव्हती. २०२३ मध्ये बेल्जियममध्येच ९,२३० रुग्णांवर नवी चाचणी झाली. शिरेतून लवकर आहार न देता, संगणकीय सूत्राच्या मदतीने साखर ८० ते ११० ठेवली. या वेळी तोटा दिसला नाही, पण जीव वाचण्याचा फायदाही दिसला नाही.

साखर कमी होण्याची एवढी भीती का?

जागा माणूस साखर उतरली, की घामाघूम होतो, हात थरथरतात, छातीत धडधडते आणि तो काहीतरी गोड मागतो. भूल दिलेल्या किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला यांपैकी काहीच सांगता येत नाही. बायपासच्या बहुतेक रुग्णांना दिली जाणारी बीटा-ब्लॉकर औषधे थरथर आणि धडधड झाकून टाकतात. मेंदूला मात्र साखरेचा पुरवठा अखंड लागतो. तो काही काळ तुटला, तर झटके येतात आणि कायमची इजाही होऊ शकते. नुकत्याच शिवलेल्या हृदयाचे ठोकेही साखर घसरल्यावर बिघडू शकतात.

थोडक्यात, साखर १७० असल्याने रुग्णाचे एका रात्रीत नुकसान होत नाही, पण ती ४० झाली तर अर्ध्या तासातही होऊ शकते. साखर ९० राहिली तर वाईट असे नाही. मात्र इन्सुलिन सुरू असताना ९०पासून घसरायला जागा फार थोडी उरते. परिचारिकेची धावपळ त्यासाठीच असते.

सध्या कोणता आकडा मानला जातो?

अमेरिकेतील हृदय व छातीच्या शल्यविशारदांच्या संघटनेने २००९ मध्येच, शस्त्रक्रियेदरम्यान आणि नंतर साखर १८०च्या खाली ठेवावी, असे मार्गदर्शन केले. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन शस्त्रक्रियेच्या आसपासच्या काळासाठी १०० ते १८० आणि अतिदक्षता विभागातील बहुतेक रुग्णांसाठी १४० ते १८० हा पट्टा सांगते. काही हृदयकेंद्रे निवडक रुग्णांत याहून थोडी कमी साखर ठेवतात, पण ती घसरणार नाही याची खात्री असेल तरच.

याहून कमी साखरेचा उपयोग होतो का, हे अमेरिकेत अटलांटा येथे ३०२ बायपास रुग्णांवर तपासले गेले. १०० ते १४० आणि १४१ ते १८० अशी तुलना होती. २०१५ मध्ये आलेल्या निकालात एकूण गुंतागुंतींत ठोस फरक आढळला नाही. मधुमेह नसलेल्यांना थोडा फायदा दिसला, मधुमेहींना नाही. वर्षानुवर्षे जास्त साखरेला सरावलेल्या शरीराला अचानक ‘नॉर्मल’ आकडा मानवत नसावा, असा एक तर्क त्यामागे आहे.

एचबीए१सी जास्त असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी का?

तातडी नसलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी एचबीए१सी शक्यतो ८ टक्क्यांच्या खाली असावे, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सुचवते. ८ टक्के म्हणजे सरासरी साखर १८३च्या आसपास. आकडा साडेनऊ-दहा असेल आणि छातीत दुखणे स्थिर असेल, तर काही आठवडे साखर सुधारण्यासाठी देणे फायद्याचे ठरते. एचबीए१सी हळू हलते, पण रोजची साखर दोन-तीन आठवड्यांतही बरीच खाली येऊ शकते आणि तेवढ्यानेही मदत होते.

परंतु हृदयाच्या मुख्य डाव्या वाहिनीत मोठा अडथळा असेल, बसल्या जागी छातीत दुखत असेल किंवा नुकताच झटका येऊन गेला असेल, तर साखरेसाठी थांबणे हीच मोठी जोखीम ठरते. अशा वेळी रुग्णाला दाखल करून इन्सुलिनने साखर आटोक्यात आणतात आणि शस्त्रक्रिया उरकतात. ‘साखर नॉर्मल झाल्यावरच ऑपरेशन करू’ असा हट्ट घरच्यांनी धरू नये. तसेच ‘काय व्हायचे ते होईल, लवकर उरका’ असेही म्हणू नये.

रक्तक्षय असेल किंवा नुकतेच रक्त दिले असेल, तर एचबीए१सीचा आकडा फसवा निघू शकतो. लोहाच्या कमतरतेत तो खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. त्यामुळे या एका आकड्यावर निर्णय होत नाही. घरी मोजलेल्या साखरेची वही सोबत नेली, तर डॉक्टरांना तिचा मोठा उपयोग होतो.

कोणत्या गोळ्या कधी थांबवतात?

इथे सर्वांत जास्त गफलत होते, कारण एका गोळीत दोन-तीन औषधे असतात आणि रुग्णाला फक्त ब्रँडचे नाव माहीत असते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आणि कॅनाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधे शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवावी लागतात. ती सुरू राहिली, तर उपाशी अवस्थेत आणि शस्त्रक्रियेच्या ताणात रक्तात आम्ल साचू शकते. फसवी गोष्ट अशी, की त्या वेळी साखर जवळपास ठीकच दिसते, त्यामुळे निदानाला उशीर होतो. ही औषधे हृदयाची ताकद कमी असलेल्यांना मधुमेह नसतानाही दिली जातात. ‘ती तर हार्टची गोळी आहे’ म्हणून ती सांगायची राहून जाते.

मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या सकाळी देत नाहीत. दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन पूर्ण बंद न करता बहुधा थोड्या कमी मात्रेत दिले जाते. वजन आणि साखर कमी करणारी आठवड्यातून एकदाची इंजेक्शने पोट रिकामे व्हायला उशीर लावतात. त्यामुळे रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न राहू शकते आणि भूल देताना ते श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. शेवटचे इंजेक्शन कधी घेतले, हे भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवे. यांपैकी कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. चालू गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत घालून नेणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

शस्त्रक्रियागृहात आणि नंतर साखर कशी सांभाळतात?

साधारणपणे ५० मिलिलिटर सलाइनमध्ये ५० युनिट इन्सुलिन मिसळून ते सिरिंज पंपावर लावतात. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एक युनिट. शिरेतून दिलेल्या इन्सुलिनचा असर काही मिनिटांत ओसरतो, म्हणून वेग कमी-जास्त करून साखर हवी तशी वळवता येते. सुरुवातीला दर तासाला आणि साखर हलत असेल तर अर्ध्या तासालाही ती तपासतात. आकडा केवढा आहे याबरोबरच तो कोणत्या वेगाने उतरतो आहे, हेही पाहिले जाते. १८० आणि स्थिर असणे वेगळे, २६०वरून तासाभरात १८०वर येणे वेगळे. दुसऱ्या परिस्थितीत पंपाचा वेग कमीच करावा लागतो.

बोटाला टोचून मोजणारे घरगुती यंत्र इथे पुरेसे भरवशाचे नसते. बोटे थंड असतात, रक्तदाब वाढवणाऱ्या औषधांनी त्यांचा रक्तपुरवठा घटतो आणि रक्त पातळ झालेले असले, तर अनेक ग्लुकोमीटर साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. म्हणजे साखर ६० असताना ८० दिसू शकते. म्हणून धमनीतल्या नळीतून रक्त घेऊन ते रक्तवायू तपासणाऱ्या यंत्रावर मोजतात. दंडावर लावलेल्या सेन्सरच्या आकड्यावरही एकट्याने निर्णय घेत नाहीत.

इन्सुलिनसोबत पोटॅशियमवर नजर ठेवावीच लागते. इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ढकलते. रक्तातले पोटॅशियम घटले, की हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि बायपासनंतर ते परवडणारे नसते.

सर्वांत नाजूक टप्पा रुग्ण खायला लागल्यावर येतो. पंप काढला, की काही मिनिटांत शरीरात इन्सुलिन उरत नाही. म्हणून त्वचेखालचे दीर्घ इन्सुलिन पंप बंद करण्याच्या एक-दोन तास आधी द्यावे लागते. हा मेळ चुकला, तर अतिदक्षता विभागात तीन दिवस सांभाळलेली साखर वॉर्डात गेल्या रात्रीच ३००वर जाते. शिवाय जेवणाचे ताट आणि इन्सुलिन यांची वेळ जुळली पाहिजे. इन्सुलिन घेतले आणि मळमळीमुळे जेवण राहिले, तर लगेच परिचारिकेला सांगावे. भेटायला येणाऱ्यांनी आणलेले शहाळे किंवा फळांचा रस विचारल्याशिवाय देऊ नये. शहाळ्यात साखरही असते आणि पोटॅशियमही.

घरी आल्यावर काय पाहावे?

अनेक रुग्ण घरी येताना पहिल्यांदाच इन्सुलिन घेत असतात. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, तर पेनच्या काडतुसातले १०० युनिटचे. ४० साठी लाल टोपणाची आणि १०० साठी नारिंगी टोपणाची सिरिंज मिळते. अदलाबदल झाली, तर मात्रा अडीचपट जास्त किंवा निम्म्याहून कमी जाते. औषधाच्या दुकानातून सिरिंज घेताना बाटलीवरचा आकडा दाखवावा.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे भूक कमी असते आणि ताणाची संप्रेरके ओसरत असतात. त्यामुळे रुग्णालयात ठरलेली मात्रा घरी जास्त होऊ शकते. साखर ७०च्या खाली गेली, तर शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी सुरू असेल, तर घरातली साखर लवकर उपयोगी पडत नाही, कारण या गोळ्या साखरेचे पचनच लांबवतात. तिथे ग्लुकोजच हवे. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालयात न्यावे.

जखमेचा संसर्ग अनेकदा घरी आल्यावर, दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात डोके वर काढतो. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढती लाली, कूस बदलताना किंवा खोकताना छातीच्या हाडात ‘कट्‌’ असा आवाज किंवा हालचाल जाणवणे, यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. कारण न कळता साखर अचानक वाढू लागली, तर तेही संसर्गाचे पहिले लक्षण असू शकते.

थांबवलेल्या गोळ्यांपैकी कोणती पुन्हा सुरू करायची आणि केव्हा, इन्सुलिन किती दिवस चालेल, साखर किती असावी आणि किती झाल्यावर फोन करायचा, या चार प्रश्नांची उत्तरे सुटीच्या कागदावर लिहून घ्यावीत. कारण १४० ते १८० हा पट्टा रुग्णालयातल्या त्या काही दिवसांपुरता असतो. जखम भरली, भूक परतली, की साखर पुन्हा घरच्या हिशेबावर आणायची असते. जोडलेल्या नव्या वाहिन्या किती वर्षे मोकळ्या राहतील, हे बरेचसे त्या हिशेबावर अवलंबून असते.